होकार त्या रात्रीपुरता होता

प्रश्न विट्याजवळच्या एका गावातून आला आहे. लिहिणारीचं वय एकतीस, लग्नाला नऊ वर्षं झाली. नवरा तमिळनाडूत गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, दुकानात असतो. दिवाळीला आणि गावच्या जत्रेला घरी येतो, बाकीचा संसार व्हिडिओ कॉलवर. गेल्या वर्षभरात नवरा-बायकोतलं खासगी बोलणं आणि एकमेकांना पाहणंही कॉलवर होऊ लागलं, आणि ते तिच्या मर्जीनं. मागच्या महिन्यात पुतण्याच्या फोनवर काहीतरी शोधताना गुगल फोटोज उघडलं गेलं आणि त्यात तिला त्या कॉलमधले स्वतःचेच स्क्रीनशॉट दिसले. तो फोन नवऱ्याचाच जुना, पोराला अभ्यासाला दिलेला. नवऱ्याला विचारलं तर उत्तर आलं, "मी काय परका आहे का? माझ्याच बायकोचे फोटो आहेत." वर, तुला इतकं लपवायचं असतं तर तुझ्याही फोनचा पिन दे, असा आग्रह सुरू झाला. त्या विचारतात: कॉलला मी हो म्हटलं होतं, मग आता रागवायचा हक्क मला आहे का? हा गुन्हा होतो का? ते फोटो कायमचे कसे जातील? घर न मोडता हे त्यांच्याशी बोलू कशी? आणि जाऊबाईंना सांगू का?

ताई, पुढचं वाचण्याआधी पुतण्याकडच्या फोनचं बघा. सेटिंगमध्ये खात्यांची यादी असते, तिथून तुमच्या नवऱ्याचं गुगल खातं त्या फोनवरून काढून टाका. तो फोन हातात घेणं अवघड असेल तर हे काम तमिळनाडूत बसूनही होतं. नवऱ्यानं स्वतःच्या गुगल खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन 'तुमची डिव्हाइस' उघडावं आणि जुन्या फोनमधून साइन आउट करावं. दोन मिनिटांचं काम आहे. "भांडण मिटल्यावर करू" म्हणून ते लांबवू नका. फोटो तिथे कुणी मुद्दाम पाठवलेले नाहीत. जुना फोन देताना खातं तसंच राहिलं, आणि नव्या फोनवर पडलेला प्रत्येक स्क्रीनशॉट आपोआप तिकडेही दिसू लागला. माझ्याकडे येणाऱ्या प्रकरणांत दुष्टपणानं फुटलेल्या फोटोंइतकेच अशा विसरलेल्या खात्यांतून फुटलेले फोटो असतात.

आता रागाचं. मी सांगलीत कौटुंबिक प्रकरणांची वकिली करते, बावीस वर्षं झाली. त्यातला निम्मा वेळ कोर्टात जातो आणि निम्मा नवरा-बायकोला समोरासमोर बसवून बोलतं करण्यात. तुमचा राग रास्त आहे, हे मी आधीच स्पष्ट सांगते, कारण तुमच्या पत्रात तीन ठिकाणी तुम्ही स्वतःचीच चूक शोधली आहे.

तुम्ही होकार दिला तो एका कॉलला. समोर ते, इकडे तुम्ही, दोन्हीकडे दार बंद, आणि कॉल कट झाला की विषय संपला, या समजुतीवर. कॉल संपल्यावरही चित्र मागे उरणार असेल तर ती गोष्टच वेगळी झाली, आणि त्या गोष्टीबद्दल तुम्हाला कुणी विचारलेलंच नाही. आपल्या भागात शेताच्या वाटेवरून किती भांडणं होतात तुम्ही पाहिलेलं असेल. ऊस तोडणीपुरती चुलतभावाला बांधावरून वाट दिली म्हणून बांध त्याच्या नावावर चढत नाही. तोडणी संपल्यावर त्यानं तिथूनच रोज ट्रॅक्टर न्यायला सुरुवात केली तर घरातली मोठी माणसं म्हणतात, "वाट दिली होती, जमीन नव्हती दिली." शेताच्या बाबतीत ज्याला हे सांगावं लागत नाही, त्याला बायकोच्या शरीराच्या बाबतीत मात्र समजावून सांगावं लागतं. याचा मला आजही त्रास होतो.

फोन मध्ये आला की एकाच प्रश्नाचे चार प्रश्न होतात. पाहू का? टिपून घेऊ का? ठेवू का? आणि आणखी कुणाच्या नजरेला पडलं तर चालेल का? बहुतेक घरांत पहिल्याला हो मिळालं की उरलेल्या तिन्हींनाही मिळालंच, असं धरून चालतात. शिवाय दिलेला होकार मागेही घेता येतो. मागच्या दिवाळीत ज्याला हरकत नव्हती त्याला या दिवाळीत असू शकते. त्याचं कारण देण्याची गरज नाही आणि 'तेव्हा कसं चाललं?' हा प्रश्न गैरलागू आहे. बोललेला शब्द हवेत विरतो, चित्र विरत नाही. म्हणून चित्राच्या बाबतीत होकार पुन्हा पुन्हा विचारावा लागतो.

अट घालून दिलेला होकारही पूर्ण होकार असतो, आणि अट मोडली की तो होकार उरत नाही. हे मी कायद्याच्या पुस्तकातून नाही शिकले. आपल्या सांगलीत १९९२ पासून 'संग्राम' संस्थेचं काम आहे. त्यातूनच १९९६ मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. गिऱ्हाइकाशी कंडोमबद्दल कसं बोलायचं, नाही म्हणायचं तर कसं म्हणायचं, हे गोकुळनगरच्या वेश्यावस्तीतल्या बायका एकमेकींना शिकवत होत्या. वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी त्यांच्यातल्या काही जणींना ऐकलं आणि मला माझ्या पांढरपेशा घराची लाज वाटली. जिथं पैसे मोजले जातात तिथंही या बायका 'या अटीवर हो, नाहीतर नाही' म्हणत होत्या, आणि आमच्या लग्नाच्या घरांत अट हा शब्द उच्चारला तरी बाई संशयी ठरत होती. 'विश्वास नाही का?' या एका वाक्यानं गेल्या बावीस वर्षांत माझ्यासमोर किती बायका गप्प झाल्या, त्याची गणती नाही. विश्वास आहे म्हणून तर ती कॉलवर आली. तो टिकवायचा असेल तर विचारून घ्यावं लागतं, आणि ते काम ज्याच्या हातात स्क्रीनशॉटचं बटण आहे त्याचं.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, तरी विचारते. तुमची मर्जी खरोखर मर्जी होती ना? नवरा लांब असलेल्या बायका मला खालच्या आवाजात सांगतात की नाही म्हटलं तर ते दुसरीकडे बघतील, पैसे पाठवायला उशीर करतील, फोनच घेणार नाहीत, अशी भीती मनात असते. भीतीपोटी आलेलं 'हो' बाहेरून मर्जीसारखंच दिसतं. मी एकच खूण सांगते. एखाद्या रात्री 'आज नको' म्हणून बघा. दुसऱ्या दिवशी बोलणं आधीसारखंच असेल, तर तुमचं 'हो' तुमचं आहे. त्या 'नको'ची किंमत आठवडाभर मोजावी लागली, तर प्रश्न स्क्रीनशॉटपेक्षा मोठा आहे आणि तो वेगळा बसून बोलावा लागेल.

गुन्हा होतो का? माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मध्ये ६६ई हे कलम आहे. कुणाही व्यक्तीच्या खासगी अवयवांचं चित्र तिच्या संमतीशिवाय, तिच्या खासगीपणाचा भंग होईल अशा परिस्थितीत, जाणूनबुजून टिपणं, प्रसिद्ध करणं किंवा पाठवणं हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. यात 'टिपणं' हा शब्द सुटा आहे, म्हणजे कुणाला पाठवलं नाही, नुसतं टिपलं, तरी गुन्हा होतो. आणि कलमात 'व्यक्ती' आहे, 'स्त्री' नाही, त्यामुळे पुरुषालाही त्याचा आधार आहे. संमतीनं चाललेल्या कॉलमध्ये न सांगता घेतलेला स्क्रीनशॉट माझ्या मते यात बसतो. उलट बाजूचा वकील परिस्थितीच्या मुद्द्यावर वाद घालेल, हेही खरं. पुतण्याच्या फोनवर ते आपोआप गेलं, ते मात्र 'जाणूनबुजून'मध्ये येत नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या ७७व्या कलमात, म्हणजे जुन्या ३५४सी मध्ये, एक स्पष्टीकरण आहे, ते प्रत्येक बाईला पाठ असावं असं मला वाटतं. बाईनं चित्र टिपायला संमती दिली असेल, पण ते तिसऱ्याला दाखवायला दिली नसेल, आणि तरीही ते पसरवलं गेलं, तर तो गुन्हा. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं कैद, पुन्हा केला तर तीन ते सात. म्हणजे 'तूच तर काढू दिलेस' हे उत्तर कायद्यानं आधीच ओळखून बाद केलेलं आहे. इंटरनेटवर लैंगिक कृतीचं चित्रण टाकलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६७ए लागतं, त्यात पहिल्या वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे.

'पण नवरा आहे ना तो?' हा प्रश्न तुम्हाला गावात प्रत्येक जण विचारेल. आपल्या देशात बलात्काराच्या कलमाला नवऱ्यासाठी आजही अपवाद आहे. पत्नी अठरा वर्षांवरील असेल तर नवऱ्याच्या बळजबरीला कायदा बलात्कार म्हणत नाही. मला तो अपवाद अन्यायाचा वाटतो. पण ६६ई, ६७ए आणि ७७ या कलमांत लग्नाचा अपवाद लिहिलेला नाही, आणि हा फरक फार थोड्या लोकांना ठाऊक असतो. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. तो हक्क माणसाचा आहे. लग्न झालं म्हणून तो जोडप्याच्या सामायिक खात्यात जमा होत नाही. नवऱ्यानं बायकोसोबतचा खासगी व्हिडिओ फेसबुकवर टाकल्याच्या एका प्रकरणात २०२५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं लग्न म्हणजे पत्नीवरची मालकी नव्हे, असं सुनावलं. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यातही लैंगिक छळाच्या व्याख्येत बाईची मानहानी करणारं किंवा तिच्या प्रतिष्ठेला धक्का देणारं लैंगिक स्वरूपाचं कोणतंही वर्तन येतं. त्याखाली फौजदारी तक्रार न करताही दंडाधिकाऱ्यांकडून संरक्षण आदेश मागता येतो. लग्न न करता एकत्र राहणाऱ्या बाईलाही, नातं लग्नासारखं असेल तर, तो कायदा लागू होतो.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पती-पत्नीनं एकमेकांचं गुपचूप रेकॉर्ड केलेलं बोलणं घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून चालू शकतं, असा निकाल दिला. त्यानंतर माझ्याकडे नवरे आणि बायका दोघंही फोन भरभरून रेकॉर्डिंग घेऊन येतात, आणि काही जण खासगी व्हिडिओही 'पुरावा आहे' म्हणून पुढे करतात. तो निकाल संभाषण कोर्टापुढे पुरावा म्हणून ठेवण्याबद्दल आहे. जोडीदाराची नग्न चित्रं काढायला, जपून ठेवायला किंवा नातेवाइकांना दाखवायला त्यानं मुभा दिलेली नाही. एका पक्षकाराला मी हे सांगितलं तेव्हा त्यानं माझ्यासमोर फोन टेबलावर उलटा ठेवला आणि बराच वेळ तो काही बोलला नाही.

कायदा एवढ्या तपशिलानं सांगितला म्हणून उद्याच पोलीस ठाण्यात जा, असं मी म्हणत नाही. तुमच्या पत्रात धमकी नाही, फोटो कुणाला पाठवल्याची खूण नाही. न विचारता घेतलेले आणि बेफिकिरीनं ठेवलेले फोटो आहेत, आणि ते दाखवून दिल्यावर आलेली उद्धट उत्तरं आहेत. इथं बोलून सुटण्याची शक्यता मला बरीच दिसते. पण बोलायला बसताना आपली बाजू कायद्यातही पक्की आहे हे माहीत असलेली बाई वेगळ्या सुरात बोलते.

बोलण्याआधी त्यांच्या खोलीचा विचार करा. विटा, खानापूर, आटपाडीतली गलाईची माणसं देशभर पसरलेली आहेत, त्यांतल्या पुष्कळ घरांची प्रकरणं मी पाहिली. दुकानाच्या मागे किंवा वर एक खोली, तिथं मालकाचा भाऊ, दोन कामगार, गावाकडून नवीन आलेला एखादा पोरगा. रात्रभर एकाच प्लगला चार फोन चार्जिंगला. गाणं लावायला, हिशेब बघायला कुणीही कुणाचा फोन उचलतं, पिन सगळ्यांना पाठ. एकटेपणा खरा असतो, वर्षातले अकरा महिने माणसानं काय करावं हा प्रश्नही खरा. पण 'माझ्या फोनमध्ये आहेत, कुठे जातात?' असं म्हणणाऱ्या माणसाचा फोन त्या खोलीत एकट्याचा राहिलेला नसतो. तुमच्या नवऱ्यानं हे मनात आणलेलंच नसेल, असं मला वाटतं. गावातल्या पुतण्याच्या फोनवर ते फोटो पोचले, तर चार फुटांवर झोपणाऱ्या माणसापर्यंत पोचायला काय लागतं, हे त्यांना विचारा.

बोलणं फोनवर करू नका. दिवाळीला येतील तेव्हा करा. दिवसा, जेवणं झाल्यावर, शेताकडं किंवा मळ्याच्या वाटेवर, जिथं तिसरं कुणी नाही. झोपायच्या खोलीत हा विषय काढला की त्याला 'आज नको'चा वास येतो आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो. सासूबाई, दीर, मामा, यांच्यापैकी कुणालाही मध्यस्थ करू नका. मध्यस्थाला फोटो आहेत हे सांगावं लागतं, आणि मग ते फोटो बघितले नसले तरी घरभर होतात. सुरुवात आरोपानं करण्याऐवजी घटनेनं करा. "अहो, त्या दिवशी पोराच्या फोनवर मला माझेच फोटो दिसले तेव्हा माझे हातपाय गार पडले. मी तुमच्यासाठी कॉलवर आले होते, फोटोसाठी नाही. ते आपण दोघांनी बसून पुसू या. आणि इथून पुढं मला विचारल्याशिवाय काही टिपायचं नाही." इतकंच. माफी मागितलीच पाहिजे म्हणून अडून बसू नका. ते पुसायला बसतात की नाही, एवढंच बघा. कुरकुरत का होईना फोन पुढे करणारा माणूस आणि 'पुसतो नंतर' म्हणून तीनदा टाळणारा माणूस, या दोघांत फार अंतर आहे, आणि ते तुम्हाला त्याच दुपारी कळेल.

पुसायचं म्हणजे कुठं कुठं पुसायचं, हेही माहीत हवं. गॅलरीतून उडवलं म्हणजे गेलं नाही. गुगल फोटोजवर बॅकअप झालेली चित्रं कचरापेटीत साठ दिवस राहतात, ती पेटी रिकामी करावी लागते. आयफोनमध्ये 'नुकतेच हटवलेले' नावाच्या कप्प्यात ती साधारण महिनाभर थांबतात. मग गुगल फोटोजमध्ये शेअरिंग कुणासोबत चालू आहे ते बघा. सामायिक अल्बम असतात, जोडीदारासाठीचं आपोआप शेअरिंगही असतं, आणि ते कधीतरी भावाला चालू करून दिलेलं असू शकतं. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक केलेली डिव्हाइस' उघडून दुकानातला संगणक जोडलेला आहे का ते पाहा, असेल तर लॉगआउट करा. व्हॉट्सॲपवर आलेले फोटो-व्हिडिओ गॅलरीत आपोआप उतरणं बंद करा. व्हॉट्सॲपचं एन्क्रिप्शन वाटेतल्या माणसापासून वाचवतं. समोरच्या फोनमध्ये पोचल्यावर त्याचं काम संपतं. एकदाच दिसणारा फोटो पाठवला तर समोरून स्क्रीनशॉट घेता येत नाही, पण शेजारी दुसरा फोन धरून त्याचा फोटो काढता येतोच. आणि व्हिडिओ कॉलवर कुणी स्क्रीनशॉट घेतला तर व्हॉट्सॲप तुम्हाला कळवत नाही. म्हणून पुढेही असे कॉल करावेसे वाटले तर जरूर करा, तो तुमचा दोघांचा विषय आहे. चेहरा आणि शरीर एका चौकटीत येऊ न देणं, मागच्या भिंतीवरचं ओळखू येणारं कॅलेंडर-फोटोफ्रेम टाळणं, एवढी काळजी घ्या. 'असं काही करूच नये' असा उपदेश मी करणार नाही. लांब राहणाऱ्या नवरा-बायकोला जवळीक हवी असते, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

फोन दुरुस्तीला देताना सॅमसंग आणि पिक्सेलच्या फोनमध्ये खास दुरुस्तीची सोय असते, ती चालू केली की कारागिराला आपला खासगी मजकूर दिसत नाही. जुना फोन कुणाला देताना किंवा विकताना आधी खातं काढायचं आणि मग फोन पूर्ण रिसेट करायचा.

आता पिनचा आग्रह. अडीअडचणीला लागेल म्हणून नवरा-बायकोला एकमेकांचा पिन माहीत असणं वेगळं, आणि रोज रात्री फोन तपासून घेणं वेगळं. पहिल्याला माझी हरकत नाही. दुसऱ्यात मला पहारा दिसतो, आणि तो मागितला गेला कधी, तर तुम्ही तुमच्या फोटोंबद्दल विचारल्यानंतर. तुमच्या फोनमध्ये तुमच्या एकटीचंच काही नसतं. बहिणीनं तिच्या घरातलं सांगितलेलं असतं, मैत्रिणीनं गर्भपाताबद्दल लिहिलेलं असतं, बचत गटातल्या कुणाची उसनवारी असते. त्यांनी ते तुम्हाला सांगितलं, तुमच्या नवऱ्याला नाही. त्यांच्या वतीनं होकार द्यायचा अधिकार तुमच्याकडेही नाही. "माझ्या फोनमध्ये दुसऱ्यांच्या गोष्टी आहेत" हे वाक्य बायकांना 'माझं खासगी आहे' पेक्षा सहज म्हणता येतं, असा माझा अनुभव आहे. गुगल मॅप्सवर तुमचं ठिकाण कुणाला सतत दिसतंय का, तेही एकदा पाहा. ज्या घरात मारहाण किंवा धमकी आहे तिथल्या बाईला मात्र मी वेगळं सांगते. ठिकाण दाखवणं किंवा एखादं लपवलेलं ॲप अचानक बंद केलं की पहारा ठेवणाऱ्याला ते लगेच कळतं, आणि पहिला फटका त्याच दिवशी बसतो. तिनं आधी सुरक्षित जागा आणि एक विश्वासाचं माणूस ठरवावं, फोनला हात मग लावावा.

आणि बोलणं फसलं तर? 'गप्प बस, नाहीतर तुझ्या माहेरच्यांना पाठवतो' असं वाक्य एकदाही आलं, गंमत म्हणून आलं तरी, त्या क्षणापासून काहीही पुसायचं नाही. आधी सांगितलेलं सगळं उलटं होतं. धमकीचा मेसेज, नंबर, तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यायचा, कुठे टाकलं असेल तर त्या पानाचा पत्ता उतरवून ठेवायचा, मूळ मेसेज ज्या फोनवर आला तो फोन जपायचा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३व्या कलमाखाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते मूळ फोन हाताशी असला की सोपं जातं. माझ्याकडे आलेल्या एका मुलीनं घाबरून अख्खं चॅट उडवलं होतं. तिची केस उभी करायला आम्हाला सात महिने जास्त लागले.

तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते, महिलांसंबंधीच्या मजकुराची तक्रार तिथं नाव न देताही नोंदवता येते. १९३० हा क्रमांक पैशाच्या फसवणुकीचा आहे, तातडीच्या धोक्याला ११२. गुन्हा कुठेही घडलेला असो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३व्या कलमानुसार कोणत्याही ठाण्यात तक्रार नोंदवून घ्यावीच लागते. हे मुद्दाम सांगते, कारण एका ठाण्यात माझ्यादेखत एका बाईला 'फोटो तिकडे काढले ना, मग तिकडे जा' म्हणून परत पाठवत होते. कलमाचा आकडा सांगितल्यावर खुर्ची मिळाली. समाजमाध्यमावर काही आलं तर त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे पीडित व्यक्तीनं किंवा तिच्या वतीनं कुणी कळवायचं. नग्न चित्र काढून टाकायला २०२१ च्या नियमांनी जास्तीत जास्त चोवीस तासांची मुदत घातली होती, फेब्रुवारी २०२६ पासून ती दोन तासांवर आणली आहे. बनावट, जोडतोड केलेली चित्रंही त्यातच येतात. 'स्टॉप एनसीआयआय' नावाची एक मोफत सोय २०२१ पासून आहे, अठरा वर्षांवरील कुणालाही वापरता येते. तिथं फोटो पाठवायचा नसतो. तुमच्याच फोनवर त्या फोटोचा आकड्यांचा ठसा तयार होतो आणि फक्त तो ठसा फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या सहभागी कंपन्यांकडे जातो. मग तेच चित्र तिथं चढवलं तर ओळखलं जातं. त्यासाठी ते चित्र आपल्याकडे असावं लागतं, म्हणूनही धमकी आल्यावर घाईनं पुसू नका. वकिलाच्या फीची काळजी करू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो.

हे वाचणाऱ्या पुरुषांनाही दोन शब्द. अनोळखी बाईचा व्हिडिओ कॉल, पंधरा सेकंदांचं रेकॉर्डिंग, आणि मग 'पोलीस अधिकारी बोलतोय'चे फोन, यात अडकलेले द्राक्ष बागायतदार, निवृत्त शिक्षक, कॉलेजची पोरं माझ्या ऑफिसात येऊन रडलेली आहेत. पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढते. तुमच्याही संमतीशिवाय ते रेकॉर्डिंग झालं आहे, ६६ई तुमच्याही बाजूनं उभं आहे. पैसे गेलेच असतील तर १९३० वर त्याच तासाला फोन करा. जीव नकोसा वाटत असेल तर १४४१६ वर टेली-मानसचा समुपदेशक रात्रीबेरात्रीही बोलतो.

राहिला जाऊबाईंचा प्रश्न. सगळं सांगायची गरज नाही. "यांनी जुना फोन दिला त्यात यांचं खातं तसंच राहिलंय, आमचं घरचं सगळं तिकडं दिसतं, मी काढून घेते" एवढं पुरे, आणि ते खरंही आहे. पुतण्या चौदा वर्षांचा आहे असं तुम्ही लिहिलंय. त्यानं पाहिलं असेल की नाही, याचा छडा लावू नका, त्याच्या फोनची झडतीही घेऊ नका. पण तो तुमची नजर टाळत असेल, समोर यायचं चुकवत असेल, तर जाऊबाईंना विश्वासात घ्यावं लागेल. मग त्याच्याशी त्याच्या आईनं बोलावं, तुम्ही नाही. त्यानं काही चूक केलेली नाही, हे त्याला पहिल्या वाक्यात सांगायचं. मोठ्यांच्या हातून खातं बंद करायचं राहिलं, चुकून दिसलं ते दुसऱ्या कुणाला दाखवायचं किंवा सांगायचं नाही, आणि मनात काही घोळत असेल तर आईला विचारायचं. ती बोलायला कचरत असेल तर दोघींनी मिळून सांगलीला या, मी तिच्याशी बोलेन.